हवेतला नायट्रोजन मॉसकडून कसा समजून घ्यावा: नवशिक्यांसाठी

हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, मग त्याचं प्रदूषण ते कसलं, हा प्रश्न सुरुवातीला सगळ्यांनाच पडतो. तो 78 टक्के वायू निरुपद्रवी आहे. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की बहुतेक सजीवांना त्याचा उपयोगही नाही आणि त्रासही नाही. त्रास होतो तो क्रियाशील नायट्रोजनचा. वाहनं, वीजकेंद्रं आणि कारखान्यांच्या धुरातून नायट्रोजनची ऑक्साइडं येतात. गुरांचं शेण-मूत, कोंबडीखत आणि युरियातून अमोनिया उडतो. हे सगळं पावसाबरोबर किंवा कोरडंच खाली बसतं, म्हणजे कुणी न टाकता जमिनीला वर्षभर खत मिळत राहतं. कमी अन्नावर जगायची सवय असलेल्या वनस्पती मग मागे हटतात आणि गवत माजतं. नेदरलँड्समध्ये हा विषय इतका तापला की मे 2019मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने सरकारची नायट्रोजनविषयक परवान्यांची योजनाच रद्द ठरवली, आणि ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये थडकले.

हा नायट्रोजन मोजणारी यंत्रं महाग असतात आणि थोड्याच ठिकाणी बसवलेली असतात. मॉस (भिंती, दगड, मातीवर वाढणारी बारीक खोड-पानांची हिरवी वनस्पती) मात्र फुकट असतं आणि वर्षानुवर्षं एका जागी बसून हवेतलं घेत असतं. म्हणून युरोपात गेली अनेक वर्षं मॉस गोळा करून नायट्रोजनचे नकाशे काढले जातात. ते काम कसं करायचं ते इथे क्रमाने सांगतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: ‘इथे हेक्टरी इतके किलो नायट्रोजन पडतो’ असं मॉस एकट्याने सांगत नाही. ‘इथे तिथल्यापेक्षा जास्त पडतो’ एवढं सांगतं, तेही दोन्ही ठिकाणी तुम्ही सारख्याच शिस्तीने नमुना घेतला असेल तर. त्यामुळे सगळी मेहनत जागा निवडण्यात आणि नमुना घेण्यात आहे. प्रयोगशाळेतला भाग त्या मानाने सोपा.

मॉसच का?

मॉसला खरी मुळं नसतात. खाली जे धागे दिसतात ते धरून ठेवण्यापुरते. पानं बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीची असतात आणि त्यांच्यावर मोठ्या झाडांच्या पानांसारखा मेणाचा जाड थर नसतो. त्यामुळे पाऊस, दव, धुकं, वायू, जे काही अंगावर येईल ते सरळ आत जातं. शिवाय पेशीभित्तिकेवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून अमोनियमसारखे धन आयन तिथे चिकटतात. जमिनीतून फारसं काही येत नाही, म्हणजे अंगात जे साठलं ते बऱ्याच अंशी वरून आलेलं.

हा गुण 1960च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये ऑके र्‍युलिंग आणि गेरमुंड ट्यूलर यांनी शिसं आणि इतर जड धातूंसाठी वापरला. 1990पासून दर पाच वर्षांनी युरोपातल्या अनेक देशांत एकाच पद्धतीने मॉस गोळा होऊ लागलं, आणि 2005च्या फेरीत नायट्रोजनही मोजायला सुरुवात झाली. त्या फेरीत 16 देशांतल्या जवळजवळ 3,000 ठिकाणांचे नमुने होते. पुढे दिलेले बरेचसे नियम याच सर्वेक्षणाच्या शिस्तीतून आलेले आहेत.

पहिलं काम: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘आमच्या भागात प्रदूषण किती आहे’ हा मॉसला विचारायचा प्रश्न नव्हे. ‘या कोंबड्यांच्या शेडपासून लांब जाताना नायट्रोजन कसा कमी होतो’ हा आहे. ‘हमरस्त्याकडच्या डोंगरउतारावर आणि पलीकडच्या उतारावर फरक आहे का’ हाही चालेल. नवख्याने एकाच उगमाभोवतीचा प्रश्न घ्यावा, कारण त्यात फरक मोठा असतो आणि थोड्या नमुन्यांतही दिसतो. अमोनिया उगमाजवळच मोठ्या प्रमाणात खाली बसतो. स्कॉटलंडमध्ये पशुपालनाच्या शेडपासून ओळीने मॉस तपासलं तेव्हा पहिल्या काहीशे मीटरांतच मॉसमधला नायट्रोजन झपाट्याने उतरलेला आढळला.

तेव्हा उगमापासून वारा ज्या दिशेला जास्त वाहतो त्या दिशेला एक ओळ आखा: साधारण 25, 50, 100, 200, 400 मीटर. सारखं अंतर ठेवू नका. बदल जवळच होतो, म्हणून बिंदूही जवळच दाट हवेत. वाऱ्याच्या उलट दिशेला, उगमापासून दूर, किमान दोन तुलनेच्या जागा घ्या. या तुलनेच्या जागा नसतील तर बाकी ओळीला अर्थ राहत नाही, आणि नवखे लोक नेमक्या त्याच वगळतात.

कोणतं मॉस?

आधी मॉस म्हणजे काय ते पक्कं करा. ओल्या फरशीवरचा बुळबुळीत हिरवा थर म्हणजे शैवाल, त्याला पानं नसतात. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवालाचा संसार. नायट्रोजनसाठी लायकेनही फार उपयोगी आहे, पण ती वेगळी पद्धत. मॉसला बारीक का होईना खोड आणि पानं असतात. दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून लगेच दिसतात.

दुसरा फरक वाढीच्या ढबीचा. काही मॉस उभी वाढतात आणि गोल गादीसारखी दिसतात; शहरातल्या भिंतींवर हीच जास्त. काही आडवी पसरतात, फांद्या फुटतात, सतरंजी उचलावी तशी उचलता येतात. युरोपच्या सर्वेक्षणात ही दुसरी, सतरंजीवाली वापरतात: प्ल्युरोझियम श्रेबेरी, हायलोकोमियम स्प्लेन्डेन्स, हिप्नम क्युप्रेसिफॉर्म आणि स्यूडोस्क्लेरोपोडियम प्युरम. यांचा मातीशी संबंध कमी असतो. प्ल्युरोझियमचं खोड लालसर असतं, त्यावरून नवखाही ते चटकन शिकतो. हायलोकोमियमची तर गंमतच आहे: दर वर्षीचा नवा पंखा आदल्या वर्षीच्या पंख्याच्या पाठीतून फुटतो, त्यामुळे जिना मोजावा तशी वर्षं मोजता येतात. गेल्या तीन वर्षांची वाढ हवी असेल तर वरच्या तीन पायऱ्या घ्यायच्या. इतकी सोय दुसरं मॉस क्वचितच देतं.

नियम एकच आहे आणि तो मोडायचा नाही: एका तुलनेत एकच जाती. एकाच जागी वाढलेल्या दोन जातींमध्येही नायट्रोजन वेगळा भरू शकतो. ओळीच्या एका टोकाला हिप्नम आणि दुसऱ्या टोकाला प्ल्युरोझियम घेतलं, तर फरक हवेचा की जातीचा हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून आधी संपूर्ण ओळ चालून या, कोणती जाती सगळीकडे सापडते ते पाहा, आणि मगच पिशवी काढा.

जागा

सगळ्यात जास्त नमुने इथेच वाया जातात.

झाडाखालचं मॉस घेऊ नका. पानांवर बसलेला नायट्रोजन पावसात धुऊन खाली ठिबकतो आणि झाडाखालच्या मॉसला उघड्यावरच्यापेक्षा जास्त मिळतो. युरोपच्या शिस्तीत नमुना झाडाच्या पर्णछत्राच्या कडेपासून किमान 3 मीटर दूर असावा लागतो. विरळ जंगलातली मोकळी जागा, माळ, झुडपांमधली फट, अशा ठिकाणी शोधा. झुडपाखाली किंवा उंच गवतात दडलेलंही नको.

प्रदेशाचा नकाशा काढायचा असेल तर हमरस्ते आणि वस्तीपासून 300 मीटर, लहान रस्ते आणि एकट्या-दुकट्या घरांपासून 100 मीटर दूर राहायचं असतं. उगमाभोवतीच्या ओळीला हा नियम त्या उगमापुरता लागू नाही, पण ओळीत मध्येच दुसरा गोठा किंवा रस्ता येत असेल तर ओळ बदला.

मग बारीकसारीक गोष्टी, ज्या कागदोपत्री कमी आणि जागेवर जास्त कळतात. वाटेच्या कडेचा दगड, कुंपणाचा खांब, पायऱ्यांचा कोपरा ही कुत्र्यांच्या मुताची ठिकाणं. उंच एकटा दगड हा पक्ष्यांचा अड्डा, त्यावर विष्ठा. गुरं बसतात ती सावली. शेताचा बांध, जिथे युरिया फेकताना दाणे उडतात. या सगळ्या ठिकाणी मॉसमध्ये नायट्रोजन भरपूर निघेल आणि हवेशी त्याचा काही संबंध नसेल. नुसतं हिरवंगार आणि जोमदार दिसतंय म्हणून मॉस उचलायचा मोह होतो. तिथे थांबून ते इतकं जोमदार का आहे, हे आधी बघा.

परवानगीचं काम घरूनच उरकून निघा. महाराष्ट्रात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, मग ते मूठभर मॉस का असेना. खासगी जमीन असेल तर मालकाला विचारा. नमुने तपासायला परदेशी पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, 2002 आड येतो. त्याची रीतसर मंजुरी लागते.

नमुना घेताना

सोबत काय हवं: पावडर नसलेले प्लास्टिकचे हातमोजे, कागदी पिशव्या, शिसपेन्सिल, वही, भिंग, आणि जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारा फोन. पेन नको, ओल्या पिशवीवर शाई पसरते आणि संध्याकाळी सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात.

मोजे घालायचेच. घामात युरिया असतो आणि युरिया म्हणजे नायट्रोजन. नमुना घेताना बिडी-सिगारेट बंद, हा नियम युरोपच्या मार्गदर्शिकेतही लिहिलेला आहे.

एका जागी एकच गठ्ठा उपटायचा नाही. साधारण 50 बाय 50 मीटरच्या तुकड्यात (ओळीतले बिंदू जवळ असतील तिथे त्याहून लहान तुकड्यात) फिरून 5 ते 10 ठिकाणांहून थोडं थोडं घ्या आणि एकाच पिशवीत एकत्र करा. सगळी गादी ओरबाडू नका. कडेने चिमूट चिमूट घेतलं तर मॉस पुन्हा भरून येतं. पिशवी भरलेली वाटली तरी वाळल्यावर काही ग्रॅमच उरतं, म्हणून साधारण लिटरभर आकारमानाचं घ्या. आणि त्याच जागेवरून, पुन्हा फिरून, असे तीन वेगवेगळे नमुने करा. एका जागी आपसातच किती फरक आहे हे कळल्याशिवाय दोन जागांमधला फरक खरा मानता येत नाही.

सगळ्या जागा एकाच आठवड्यात, शक्यतो कोरड्या हवेत उरका. वहीत तारीख, जाती, कशावर वाढलंय (माती, दगड, कुजका ओंडका), उतार, जवळचं झाड किती लांब, आणि गेल्या आठवड्यातला पाऊस हे सगळं लिहा. फोटोही काढा, पण फोटोवर विसंबून वही टाळू नका.

घरी आणल्यावर

त्याच दिवशी पिशव्या उघडा, नाहीतर ओलं मॉस कुजायला लागतं. धुवायचं मात्र नाही. धुतलं की वर चिकटलेला नायट्रोजनही जातो आणि प्रत्येक नमुन्यातून वेगवेगळा जातो. कोरड्या हाताने, म्हणजे मोजे घालूनच, काड्या, पानं, माती आणि किडे वेचून काढा. खालचा तपकिरी मेलेला भाग तोडून टाका. हिरवा आणि हिरवट-तपकिरी भाग ठेवा, तो साधारण गेल्या दोन-तीन वर्षांचा असतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे नमुने एकाच माणसाने निवडावेत, कारण ‘हिरवट’ कुठे संपतं याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा.

मग 40 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. त्याहून जास्त तापवू नका, अमोनिया उडून जाऊ शकतो. पंख्याखाली कागदावर पसरूनही बरंचसं वाळतं, शेवटचं वाळवणं प्रयोगशाळेत होईल. वाळल्यावर बारीक दळा आणि झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा.

प्रयोगशाळेत काय मागायचं

‘एकूण नायट्रोजन, कोरड्या वजनाच्या टक्क्यांत’ एवढंच मागा. दोन पद्धती चालतात. एक जुनी केल्डाल पद्धत, जी 1883मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, धान्यातल्या प्रथिनांसाठी निघाली. दुसरी ज्वलनाची, जिथे यंत्रात चिमूटभर नमुना जाळून नायट्रोजन मोजतात. केल्डालला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास लागतो, यंत्राला काही मिलिग्रॅम. कोणतीही एक घ्या, पण सगळे नमुने त्याच एका पद्धतीने.

महाराष्ट्रात यासाठी लांब जायची गरज नाही. द्राक्ष बागायतदार ज्या प्रयोगशाळांत पान-देठ परीक्षण करून घेतात तिथे वनस्पतीतला नायट्रोजन रोजच मोजला जातो. फक्त आधी सांगा की नमुन्यात नायट्रोजन एक टक्क्याच्या आसपास असू शकतो, म्हणजे ते त्या हिशेबाने नमुन्याचं वजन घेतील.

प्रयोगशाळेचीही परीक्षा घ्या. एकाच बाटलीतली पावडर दोन वेगळ्या क्रमांकांनी पाठवा आणि कुणाला सांगू नका. त्या दोन उत्तरांमधला फरक तुमच्या जागांमधल्या फरकाइतका निघाला, तर निष्कर्ष काढायची वेळ अजून आलेली नाही. युरोपात यासाठी फिनलंडमधल्या प्ल्युरोझियमपासून बनवलेले एम2 आणि एम3 नावाचे प्रमाण-नमुने सोबत तपासतात.

आकडे वाचताना

2005च्या युरोपीय फेरीत सर्वांत कमी नायट्रोजन, 0.8 टक्क्यांखाली, उत्तर फिनलंड आणि ब्रिटनच्या उत्तर भागात मिळाला. 1.6 टक्के किंवा अधिक आढळला तो बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बल्गेरियाच्या काही भागांत. ही पट्टी त्याच जातींपुरती आहे. पुण्यातल्या भिंतीवरच्या ब्रायम या गादीसारख्या मॉसला ती लावू नका.

दुसरं, मॉसचं पोट भरतं. नायट्रोजन वाढत गेला की सुरुवातीला मॉसमधलं प्रमाणही वाढतं, पण वर्षाला हेक्टरी साधारण 15 ते 20 किलोच्या पुढे रेषा सपाट होऊ लागते. म्हणजे फार प्रदूषित दोन जागांमध्ये फरक असूनही मॉस सारखंच उत्तर देईल. फक्त पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या दलदलीसारख्या नाजूक परिसंस्थांना 5 ते 10 किलोतच इजा सुरू होते, आणि मॉस जिथे नेमकं बोलतं तो पल्ला हाच असल्यामुळे ही मर्यादा वाटते तितकी वाईट नाही.

तिसरं, युरोपच्या नकाशात मॉस आणि किती नायट्रोजन पडतो याचा हिशेबाने अंदाज बांधणारं संगणकी मॉडेल यांचा मेळ बऱ्याच ठिकाणी सैल आहे. पण मॉसचा नमुना 50 मीटरच्या तुकड्यातला आणि त्या मॉडेलचा चौकोन 50 किलोमीटरचा, हे लक्षात घ्या. स्वित्झर्लंडमध्ये पावसातला नायट्रोजन मॉसच्या शेजारीच मोजला, तेव्हा दोघांचं नातं जवळजवळ सरळ रेषेत आलं. म्हणून जमलं तर ओळीतल्या दोन-तीन बिंदूंवर तरी अमोनिया टिपणाऱ्या पॅसिव्ह सॅम्पलरच्या नळ्या महिनाभर टांगाव्यात. मॉस आणि लायकेनसाठी हवेतल्या अमोनियाची मर्यादा वर्षाच्या सरासरीने घनमीटरला 1 मायक्रोग्रॅम मानतात, मोठ्या वनस्पतींसाठी 3. किती लवकर यांना लागतं ते यावरून दिसतं.

फार स्वच्छ भागातही आकडा शून्याकडे जात नाही. प्ल्युरोझियमच्या पानांत नॉस्टॉक हे सायनोबॅक्टेरिया राहतात आणि हवेतला निरुपद्रवी नायट्रोजन स्वतःच बांधतात. उत्तरेकडच्या जंगलात वर्षाला हेक्टरी दीड ते दोन किलो, असं 2002मध्ये दाखवलं गेलं.

नायट्रोजन गाड्यांचा की गोठ्याचा, हे टक्केवारीवरून कळत नाही. त्यासाठी नायट्रोजन-15 या जड समस्थानिकाचं प्रमाण पाहतात. गुराढोरांच्या अमोनियात ते कमी असतं, वाहनांच्या धुरातल्या ऑक्साइडांत तुलनेने जास्त. लंडन परिसरात 2000 साली छापलेल्या अभ्यासात वर्दळीच्या रस्त्यांलगतच्या भिंतींवरचं मॉस आणि खेड्यातलं मॉस यांत हा फरक स्पष्ट दिसला. ही तपासणी महाग आहे. पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नका.

मॉसच्या रंगावरून निदान करणं तर पूर्ण टाळा. पिवळं-तपकिरी मॉस उन्हानेही होतं.

सह्याद्रीत करायचं तर

युरोपचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आपल्याकडे उघड्यावरचं बरंचसं मॉस जूनमध्ये जागं होतं आणि हिवाळ्यानंतर वाळून जातं, त्यामुळे ‘तीन वर्षांची वाढ’ मोजायला जागाच नाही. त्याऐवजी एका पावसाळ्याची वाढ हेच एकक धरा आणि पाऊस ओसरताना, मॉस वाळायच्या आत, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात सगळ्या जागा एका आठवड्यात उरका. जूनच्या पहिल्या सरी उन्हाळाभर हवेत साठलेलं खाली आणतात, तेव्हा घेतलेला नमुना वेगळंच काहीतरी दाखवेल.

अकरावीच्या पुस्तकामुळे फ्युनेरिया हे मॉस सगळ्यांना ओळखीचं असतं, पण ते जळालेल्या, खतावलेल्या जमिनीवर आनंदाने वाढतं, म्हणून या कामाला वाईट. महाबळेश्वर-भीमाशंकरच्या सदाहरित जंगलात फांद्यांवर लोंबणारं मॉस देखणं असतं, पण त्याच्यावर झाडाचंच पाणी ठिबकतं. कोकणात जांभ्याच्या उघड्या कातळावरचं किंवा जुन्या गडग्यावरचं, आडवं पसरणारं एखादं मॉस जास्त बरं. सगळ्या जागा जांभ्याच्याच घ्या. सिमेंटचा गिलावा मध्ये आला की चुन्यामुळे जातीही बदलते. जातीची खात्री एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून करून घ्या आणि एक वाळलेला नमुना पुढच्या ताळ्यासाठी त्यांच्याकडे ठेवा.

तयार पट्टी नसल्यामुळे पट्टी स्वतःच करावी लागेल: तुमच्या तालुक्यातली, वस्तीपासून आणि शेतापासून सर्वांत लांबची जागा हा तळ धरा आणि बाकी सगळं ‘तळाच्या इतक्या पट’ असं मांडा. उरलेली पावडर बाटलीतच ठेवा, चिठ्ठीवर जाती, तारीख, अक्षांश-रेखांश आणि निवडणाऱ्याचं नाव लिहून. पाच वर्षांनी कुणी त्याच ओळीवर पुन्हा गेलं तर जुना आणि नवा नमुना एकाच दिवशी, एकाच यंत्रावर तपासता येईल.